मेटवाडीचा कौल

"पुढं मोठ्या उंबरापाशी वाट डावीकडे वळते," असं मी मोठ्यानं म्हणत वहीत लिहिलं.

कोळेकर थांबले. वनरक्षक माणूस, पन्नाशीचा, बोलायला कंजूष. त्यांनी एकदा उंबराकडं पाहिलं, एकदा माझ्या वहीकडं.

"आन वरनं उतरून येणाऱ्यानं काय करायचं?"

"त्यानं पुस्तक उलटं धरायचं," मी म्हणाले आणि माझ्याच विनोदावर हसले. ते हसले नाहीत.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. कोल्हापूरच्या एका दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत भटकंतीचं सदर लिहायचे. ते वाचून एका प्रकाशकानं मला गाठलं आणि म्हणाला, कोयनेच्या बाजूला ते नवं अभयारण्य झालंय ना, तिथल्या पायवाटा आणि जुनी गावं यांचं एक छोटं पुस्तक करा. मी तर उडीच मारली. माझा स्वभाव तेव्हाही असाच. कुणी "तिकडं जाऊ नका" म्हटलं की पाय आपोआप तिकडं वळायचे. माझी आई म्हणायची, हिच्या नाकाला देवानं चाकं लावलीत.

त्या दिवशी आम्ही सोनकड्याच्या घेऱ्यातल्या मेटवाडीला चाललो होतो. सोनकडा हा लहानसाच किल्ला. त्याच्या कमरेला एक सपाट माची, आणि त्या माचीवर अकरा घरं. जुन्या काळी किल्ल्याखालच्या चौकीला मेट म्हणायचे आणि तिथं पहारा करणाऱ्यांना मेटकरी. किल्ला ओस पडून दीडशे वर्षं झाली तरी मेटकऱ्यांची पोरंबाळं तिथंच राहत होती. फेब्रुवारीचा शेवट होता. अंजनी निळीजांभळी फुलली होती. एक शेकरू या झाडावरून त्या झाडावर उड्या टाकत आम्हाला बराच वेळ सोबत करत होतं आणि मी दर दहा पावलांवर थांबून काहीतरी टिपून घेत होते.

"बाई, असं चाललात तर उंद्या पोचाल," कोळेकर म्हणाले.

"मग उद्या पोचू. घाई कुणाला आहे?"

"मला हाय. उंद्या तिथं कौल हाय. आज सांजच्याला गाव बसणार."

कौल म्हणजे काय, कशाचा, कोण लावतं, असे माझे सात प्रश्न एका दमात झाले. कोळेकरांनी एकाच वाक्यात आटोपलं. "गावानं खाली उतरायचं का न्हाई, त्ये देवाला इचारणार हायेत."

अभयारण्य झाल्यापासून वरच्या गावांना खाली, रस्त्याकडेला जमीन आणि घरं द्यायचं चाललं होतं. बाकीची गावं उतरली होती. मेटवाडी अडून होती, कारण मेटवाडीत देवाला विचारल्याशिवाय नांगरसुद्धा धरत नसत.

देव म्हणजे भैरी, आणि त्याचा गुरव म्हणजे रावजीआबा. आम्ही त्यांच्याच घरी उतरलो. पासष्ट-सत्तरीचे, काटक, डोईला मळकं मुंडासं. मला बघताच म्हणाले, "या बाई. पुस्तक लिवता म्हनं? मग आदी खावा, मग लिवा." त्यांच्या सुनेनं, शालननं, नाचणीची भाकरी आणि घेवड्याची आमटी वाढली. शालन वीस-एकवीसची असेल, सातव्या महिन्याची गरोदर. नवरा वाशीच्या बाजारात माथाडी. घरात सासरा आणि सून, दोघंच.

जेवण झाल्यावर आबांनी मला माची दाखवली. त्यांचा उत्साह बघण्यासारखा होता. हे कातळात खोदलेलं टाकं, हे पाणी उन्हाळ्यात आटत न्हाई. ही चुन्याची घाणी, किल्ल्याच्या भिंतीचा चुना हितं मळला. हे वीरगळ, पाच हायेत, मधला आमच्या खापरपणज्याच्या पणज्याचा. मी विचारत होते आणि ते सांगत होते. मला वाटतं जन्मात त्यांना इतकं विचारणारं कुणी भेटलं नसावं.

शेवटी देवराईत गेलो. आत शिरण्याआधी त्यांनी वहाणा काढल्या, मीही काढल्या. आत दिवसासुद्धा सावली. इथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. मधोमध कौलारू देऊळ, आणि गाभाऱ्यात हातभर उंचीचा उभा काळा दगड. त्याला ना नाक ना डोळे. शेंदूर नाही, फक्त कमरेला एक लाल वस्त्र.

"आता कौल कसा लावतात ते सांगा," मी उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसले.

"सोपं हाय. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या. एक देवाच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. मग इचारायचं. उजवी आदी पडली तर व्हय. डावी पडली तर न्हाई."

"आणि दोन्ही पडल्याच नाहीत तर?"

"मग देवाला येळ न्हाई. दुसऱ्या दिशी यायचं."

मी हसले, तेही हसले. मग मी विचारायला नको ते विचारलं. "आबा, तुम्हाला काय वाटतं? उतरावं का?"

त्यांनी दगडाकडं पाहिलं. "बाई, आमी पहाऱ्याची मानसं. पहारा सोडून खाली जायाचं म्हंजी… माझ्या बापानं डोळं मिटताना एकच सांगितलं, रावजी, दिवा चुकवू नगंस. म्या आजवर एक दीस चुकवला न्हाई. खाली उतरून काय करू म्या? रस्त्यावरनं मोटारी जात्यात त्या मोजू?"

तिन्हीसांजेला गाव बसलं. अकरा घरांचे अकरा कारभारी देवळापुढच्या पारावर आले. तरण्यांना उतरायचं होतं, म्हाताऱ्यांना नव्हतं, आणि आवाज चढत गेला तसे सगळे आबांकडं बघायला लागले. आबा एवढंच म्हणाले, "उंद्या सकाळी देवाला इचारू. गावानं उतरावं का, असं सरळ इचारू. उजवी दिली तर उतरायचं, देवाला बी संगं न्यायाचं. डावी दिली तर परत त्यो इषय काढायचा न्हाई. कबूल?" सगळे कबूल म्हणाले.

मी शालनजवळ चुलीपुढं बसले होते. ती म्हणाली, "ताई, मामंजी हात लावणार आन मामंजीच निकाल सांगणार. आन मामंजींना जायाचं न्हाई, हे कुणाला ठावं न्हाई?"

"तुला जायचंय?"

तिनं जाळ पुढं सारला. मग हळूच म्हणाली, "गेल्या श्रावणात शेजारची मंदी अडली. डोलीत घालून खाली चालवली. ईसाव्याच्या दगडापाशी डोली टेकली तवा ती गेल्याली. तिच्या पोटातलं बी. माझ्याच वयाची. आमी एकाच मांडवात लगीन लागलेल्या." आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "मला वैशाखात दिवस भरतील. वळीव लागला म्हंजी ती वाट कशी व्हती तुमी बगितलंय का?"

मी नव्हतं बघितलं. पण त्या मुलीचा चेहरा मी बघत होते. म्हाताऱ्याचा दिवा चुकू नये म्हणून या पोरीनं डोलीत मरायचं? मला आबांचा राग आला. दिवसभर ज्या माणसाचं कौतुक करत होते, त्याचाच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला जाग आली. आबा अंगणातून देवराईकडं जात होते. हातात एक वाटी, काखेत नवं लाल वस्त्र आणि एक रिकामी पाटी. झालं, माझ्या नाकाची चाकं फिरली. मी ओढणी गुंडाळली आणि मागं मागं गेले.

देवळाच्या खांबाआडून मला नीट दिसत होतं. आबांनी आधी बराच वेळ नुसते हात जोडले. मग वाटीत अंगठा बुडवला आणि देवाच्या खांद्यावर चोळला, एकाच खांद्यावर. माझ्या समोर, डावीकडच्या खांद्यावर. अगदी हळू, लहान पोराला तेल लावावं तसं. मग वाटी कोनाड्यात ठेवून ते कळशी घेऊन टाक्याकडं गेले.

मी आत डोकावले. वाटीत तूप होतं.

मला कळायला वेळ लागला नाही. तूप लावलेल्या दगडावर ओली पाकळी कशी टिकेल? टिकणारच नाही. डावी पहिली पडेल आणि गाव जन्मभर इथं अडकेल. देवाच्या नावावर हा म्हातारा आपला हट्ट चालवणार! रागानं माझे कान तापले. बाईमाणसानं गाभाऱ्यात पाऊल टाकायचं नाही हे मला माहीत होतं, आणि मी टाकलं. रुमालानं डावा खांदा घासघासून पुसला. पार कोरडा केला. मग वाटीतलं तूप बोटानं घेऊन उजव्या खांद्याला चोपडलं. मनात मी स्वतःला शाबासकी देत होते. म्हटलं, आबा, बघू आता तुमचा देव काय म्हणतो.

बाहेर आले तेव्हा देवराईत कुणी नव्हतं. एक शेकरू तेवढं वरून टकमक बघत होतं.

दोन तासांनी सगळं गाव जमलं. पुरुष सभामंडपात, बायका बाहेर बाजूला. मी बायकांत, शालनशेजारी. आमच्यापुढं एवढी मुंडाशी होती की गाभाऱ्यातलं काही दिसत नव्हतं, फक्त आबांचं डोकं अधूनमधून दिसायचं. शालननं माझा हात धरला होता. मी तिच्या कानात म्हणाले, "काळजी करू नकोस. उजवी पडेल."

"तुमाला काय ठावं?"

"मला वाटतंय तसं."

आत आबांनी पाकळ्या भिजवल्या असाव्यात. मग बराच वेळ काहीच होईना. कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, "आबा?" तेव्हा त्यांचं डोकं वळलेलं दिसलं. त्यांनी एकवार सगळ्या मंडपावर नजर फिरवली, मग बाहेर, आमच्यावर. मला वाटलं, देवाशी लबाडी करायची म्हणजे छाती लागते, म्हातारा घाबरलाय.

मग त्यांचा आवाज आला. खणखणीत.

"भैरी! तुजी लेकरं हुबी हायेत. खाली जायाचं म्हंत्यात. तू संगं येतोस का? येत असशील तर उजवी दे. येत नसशील तर डावी दे!"

मी जिवाचा कान करून ऐकत होते. बाहेर झाडावर भारद्वाज घुमत होता. पाच मिनिटं गेली असतील नसतील, मंडपातून आवाज उठला.

"डावी! डावी पडली!"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. डावी कशी? डावा खांदा मी स्वतः पुसला होता. माझ्या बोटांना अजून तुपाचा वास येत होता. मी देवधर्म फारसा मानणारी नव्हे, पण त्या घडीला माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. शालननं माझा हात सोडला आणि पदर तोंडात कोंबला.

आत गलका सुरू झाला. म्हातारे "भैरीच्या नावानं चांगभलं" करत होते. एक तरणा ओरडला, "हे आमाला मंजूर न्हाई!" तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"गप ऱ्हावा. म्या काय इचारलं त्ये कुणी ऐकलं का?"

मंडपातली सगळी मुंडाशी आबांकडं वळली.

"म्या इचारलं, तू येतोस का. त्यो म्हनला, म्या येत न्हाई. गावानं जावं का न जावं, हे म्या इचारलंच न्हाई, आन त्यानं सांगितलं न्हाई. देव त्याच्यापुरतं बोलला. तुमाला त्यानं आडवलेलं न्हाई."

"मग देवाला हितं एकल्याला सोडायचं?" एक म्हातारा म्हणाला. "दिवा कोन लावंल?"

"गुरव कशापायी असतोय?" आबा म्हणाले. "तुमी चला. म्या ऱ्हातो."

शालन गर्दीतून वाट काढत मंडपाच्या कडेला गेली. सासऱ्यापुढं तोंड वर करून बोलायची तिची ती पहिलीच वेळ असावी. "मामंजी, तुमी न्हाई तर म्या बी न्हाई."

"तू पयली उतरायची," आबा म्हणाले. "उंद्याच्या उंद्या. कोळेकर संगती यील. आन पोर झालं की मला दावाया आन. चालत यायचं, डोलीत न्हाई."

सगळं गाव उतरायचं ठरलं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मनात ती डावी पाकळी सलत होती. मी पुसलेलं तूप परत कुठून आलं?

दुपारी मी निघाले. कोळेकर पुढं गेले होते. आबा मला शिवेपर्यंत सोडायला आले, तिथली रीतच तशी. विसाव्याचा दगड आला. वाटेकडेचा कमरेएवढा चौथरा, ओझं टेकवायला बांधलेला. आबा त्याला हात लावून उभे राहिले.

"मंदीच्या डोलीचा पुढचा खांदा माजा हुता," ते म्हणाले. "हितं टेकली."

मी त्या चौथऱ्याकडं पाहिलं.

"बाई, बोटाचं तूप धुतलं का?"

मी हात आपोआप ओढणीत लपवला.

"पाकळी चिकटवाया हात लावला तवाच बोटाला कळलं. ज्या खांद्याला लावलं हुतं त्यो कोरडा, आन दुसरा बुळबुळीत. गावात असलं धाडस कोन करनार न्हाई. म्हनलं, ही आपली पुस्तकवाली."

"आबा, तुम्ही डाव्या खांद्याला तूप लावत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्हाला गाव अडकवायचं होतं."

मग त्यांनी मला खांद्याला धरून वळवलं आणि स्वतः माझ्यासमोर, तोंडाला तोंड करून उभे राहिले. आपला उजवा हात वर केला.

"ह्यो कंचा हात?"

"उजवा."

"तुमच्या कंच्या बाजूला हाय?"

माझ्या डावीकडं होता.

मी त्या दगडावर बसले. कौल देवाच्या उजव्या-डाव्याचा असतो, बघणाऱ्याच्या नव्हे. उंबरापाशी डावीकडं वळा, असं जगाला सांगत हिंडणारी मी! म्हाताऱ्यानं उजव्याला तूप लावलं होतं. गाव उतरावं म्हणून, स्वतःही उतरावं म्हणून. ते नवं लाल वस्त्र, ती रिकामी पाटी देवाला खाली नेण्यासाठी होती. आणि मी ते पुसलं होतं.

"मला माफ करा," मी रडायलाच लागले. "मी सगळ्यांना सांगते. परत कौल लावा. तिथल्या तिथं पुसून का नाही टाकलंत?"

"अकरा कारभारी बोटाकडं डोळं लावून बसल्यालं. देवाचा खांदा पुसाया लागलो असतो तर?" ते माझ्याशेजारी टेकले. "म्हनून मग सवाल बदलला."

माझं डोकं हळूहळू चालायला लागलं होतं, आणि एकदा चाललं की ते थांबत नाही. "पण आबा, सवालच बदलायचा होता तर उलटा विचारायचा. 'आम्ही इथंच राहू का' असं. डावी पडली असती, म्हणजे राहू नका. मग तुम्ही पण गेला असता, देव पण."

आबांनी मुंडासं काढलं, गुडघ्यावर ठेवलं. ते खालच्या दरीकडं बघायला लागले. शालनचं नवं घर त्या दरीतच कुठंतरी होणार होतं.

"सुचलं हुतं," ते म्हणाले.

"मग?"

"सुचलं हुतं, बाई. पन तोंडातनं दुसरंच आलं." त्यांचे डोळे भरले होते आणि ओठांवर हसूही होतं. "रातभर सवताला समजावलं हुतं, उतरायचं म्हनून. नातवाला खेळवायचं म्हनून. आन बोटाला कोरडा दगड लागला, तर मला… मला बरं वाटलं. लई बरं वाटलं." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "शालनला ह्ये कदी सांगू नगा. तिला वाटू द्या देवानं ठिवून घेतलं."

मी मान डोलावली.

रावजीआबा त्यानंतर अकरा वर्षं मेटवाडीत एकटे राहिले. कोळेकर दर आठवड्याला मीठ, काडेपेटी पोचवायचे. शालनला खाली दवाखान्यात मुलगी झाली. चैत्रात ती लेकीला घेऊन वर जायची, दोन दिवस राहायची आणि रडत उतरायची. हे मला कोळेकरांच्या पत्रांतून कळायचं. शेवटी त्यांनीच एका सकाळी आबांना देवळाच्या पायरीवर गार झालेलं पाहिलं. आत दिवा जळत होता.

माझ्या पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या. एकाही आवृत्तीत मी वाटेचं डावं-उजवं ठेवलं नाही. ओढा कुठं, सुळका कुठं, एवढंच लिहिलं.

मागच्या वर्षी मी परत गेले. गुडघे कुरकुरतात, पण गेले. पायथ्याशी आता निसर्ग माहिती केंद्र आहे, आणि पर्यटकांना माचीवर नेणारी गाईड एक धीट, बडबडी मुलगी. नाव रेवती. नाकडोळे शालनचे. मेटवाडीत ती टाकं दाखवत होती, घाणी दाखवत होती, पाचही वीरगळ ओळीनं सांगत होती. देवराईच्या कडेला सगळ्यांना चपला काढायला लावल्या. देवळापाशी बाकीची मंडळी फोटो काढायला पांगली तशी ती माझ्याजवळ आली.

"ताई, ते पुस्तक तुमचंच ना? आई म्हणते, कौलाच्या दिवशी तुम्ही तिच्याशेजारी उभ्या होता."

"होते."

"आजोबा माझ्या बारशाला नव्हते, शाळेला नव्हते, कशालाच नव्हते. लहानपणी मला या देवाचा फार राग यायचा." तिनं गाभाऱ्यातल्या दगडाकडं पाहिलं. "खरं सांगा, देव नाहीच म्हणाला होता ना?"

सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण विसाव्याच्या दगडावर मनगट धरलेला तो हातही अजून सुटला नव्हता.

"डावी पडली होती," मी म्हणाले.

"कुणाची डावी?" तिनं पटकन विचारलं. गुरवाचीच नात ती.

"देवाची," मी म्हणाले.